वाऱ्याच्या वाटा बुजवणारे आमचे भाडेकरू

देवासात वारा कुठून येतो आणि कुठे जातो, हे टेकडीवरच्या देवीला ठाऊक असेल, आणि तिच्या खालोखाल आमच्या वरच्या भाडेकरूंना. कुणी राजकारणात रमतं, कुणी पत्त्यांत, आमचे वरचे फटींत रमायचे. खिडकीची फट, दाराची फट, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट. आम्ही सगळे त्यांना 'वरचे' म्हणायचो, कारण ते आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचे, आणि ते आम्हाला 'खालचे' न म्हणता 'भाऊसाहेब' आणि 'वहिनी' म्हणायचे. यावरूनच कोण किती सभ्य होतं ते तुमच्या लक्षात यावं. आमचं घर टेकडीच्या उतारावर आहे. वडिलांची नोकरी संस्थानात सुरू झाली आणि मध्य प्रदेश सरकारात संपली. मधे कधीतरी त्यांनी हे बांधलं. खिडक्या त्या वेळच्या, सागवानी, पण साठ-सत्तर उन्हाळे खाऊन लाकूड इतकं आक्रसलं होतं की बंद खिडकी आणि उघडी खिडकी यांत फरक फक्त उजेडाचा. पौषात माळव्याची ठंड पडली की आम्ही घरात मफलर गुंडाळून, पायमोजे चढवून जेवायला बसायचो. ही थंडीची तऱ्हा आहे असंच आम्ही जन्मभर समजत आलो. खिडकीचा दोष असू शकतो हे मला शिक्षण खात्यातून रिटायर होईपर्यंत सुचलं नव्हतं.

घर बघायला ते पहिल्यांदा आले तो दिवस मला लख्ख आठवतो. भाडेकरू म्हटला की आधी नळ सोडून बघतो, संडास बघतो, मोटर किती वाजता चालू होते ते विचारतो. ह्यांनी खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि डोळे बारीक करून एकेका खिडकीच्या कडेनं ती फिरवत चालले. धूर सरळ वर गेला तर मान डोलवायची, तिरका झाला तर "हं" म्हणायचं. वरच्या अकरा खिडक्यांत त्यांनी अकरा वेळा "हं" म्हटलं. आमची ही जिन्यात उभी होती. तिला वाटलं, हे कुणीतरी वास्तुशास्त्रवाले तरी आहेत, नाहीतर झाडफूक करणारे. तिनं माझ्या दंडाला चिमटा काढून खुणेनंच 'नको' सांगितलं. पण उदबत्ती संपल्यावर ते माझ्याकडे वळले आणि एखाद्या स्थळाला होकार द्यावा तसे समाधानानं म्हणाले, "घर छान आहे. काम भरपूर आहे." मला तेव्हा ते गमतीदार वाटलं. अशा उजाड खिडक्यांवर खूश होणारा भाडेकरू मिळाल्यावर मी कशाला तोंड उघडतोय!

ते मूळचे कऱ्हाडकडचे. देवासात कारखाने आले तेव्हा जे मराठी लोक नोकरीला आले त्यांतले. तीस वर्षं त्यांनी रबराच्या सीलांच्या तपासणीत काढली, म्हणजे पाणी, तेल, वाफ कुठून गळते ते शोधण्यात. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. उदबत्ती ही त्यांची पहिली चाचणी. दुसरी आणि अखेरची चाचणी गालाची. गाल पाण्यानं ओला करायचा, डोळे मिटायचे आणि खिडकीच्या कडेला लावून दोन मिनिटं निश्चल उभं राहायचं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा भिंतीच्या कानात काही गुपित सांगून राहिलाय. ते म्हणायचे, उदबत्ती कधीकधी खोटं बोलते, गाल कधी बोलत नाही. सापडलेल्या प्रत्येक फटीला त्यांच्याकडे नाव होतं. अधूनमधून येणारी ती 'पाहुणा', एकदा आत शिरली की जायचं नाव न घेणारी ती 'जावई', आणि जिचा काही पत्ताच लागत नाही, फक्त पाठ धरते, ती 'साडेसाती'. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या, बारीक खिळ्यांनी चौकटीला ठोकायच्या, लाकडाचा भुसा सरसात कालवून भेगांत भरायचा, रंधा मारायचा, बिजागऱ्यांना तेल सोडायचं. इतकं असून माणूस कोंडट मुळीच नव्हता. प्रत्येक खोलीत वरची एक झडप ते मुद्दाम मोकळी ठेवायचे. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं: "वारा यावा, पण विचारून यावा."

हे वेड घरापुरतं असतं तरी चाललं असतं. एकदा गल्लीतल्या एका मराठी घरी सत्यनारायण होता. कथा ऐन रंगात, साधुवाण्याची नाव बुडायला आलेली, आणि समई सारखी फडफडत होती. हे उठले. यजमानीणबाईंना वाटलं प्रकृती बिघडली. हे पाहुण्यांच्या मांड्यांवरून पाय टाकत खिडकीपाशी गेले, खिशातल्या रुमालाची घडी केली, एका कोपऱ्यात नेमकी खुपसली आणि परत येऊन बसले. समई एकदम शांत. गुरुजींनी कथा थांबवून त्यांच्याकडे असं पाहिलं की प्रसाद आधी त्यांनाच देतात की काय! इंदूरच्या बसमध्येही तोच प्रकार. आमच्याकडच्या बसची खिडकी बंद होईल अशी अपेक्षा कुणी करत नाही. ह्यांच्या पिशवीत मात्र पुठ्ठ्याच्या पाचरी कायम असायच्या. देवासहून निघालेली बस वाटेतल्या शिप्र्याला पोचेपर्यंत त्यांची स्वतःची खिडकी आणि पुढच्या दोन बाकांवरच्या बायकांच्या खिडक्या खडखडायच्या थांबलेल्या असायच्या. कंडक्टर त्यांना ओळखून होता. "भिया, अंकलजी को पीछेवाली सीट दो, वहाँ की खिड़की भोत परेशान करती है," असं तो सरळ सांगायचा, आणि हे आनंदानं मागे जाऊन बसायचे.

वरच्या अकरा झाल्यावर ते खाली उतरले. खालच्या नऊ खिडक्या आमच्या. मी आपला "कशाला, राहू द्या" असं म्हणत म्हणत खुर्ची बाजूला सरकवून दिली. त्या वर्षी पौषात मी माझ्याच घरात पहिल्यांदा टोपीशिवाय झोपलो. आमच्या हिचा गुडघा दुखायचा कमी झाला. मी हे सगळं भोगलं, वर त्यांच्या माघारी त्यांची नक्कलही केली. गाल ओला करून भिंतीला लावायची माझी नक्कल नातेवाइकांत फार गाजली होती. लग्नाकार्यात लोक आग्रह करायचे, आणि मी करायचो. आता लिहिताना मान खाली जाते, पण तेव्हा हशा मिळायचा.

सहा वर्षं अशी गेली. मग एका संक्रांतीला माझा मेहुणा इंदूरहून आला. तो कोर्टात बाबूगिरी करून रिटायर झालेला, त्यामुळे जगात जे काही घडतं ते कुठल्यातरी दाव्यात दाखल होणार आहे असं समजूनच तो चालतो. तिळगूळ खाता खाता त्यानं खिडक्या पाहिल्या, ट्यूबच्या पट्ट्यांवर बोट फिरवलं आणि विचारलं, हे कुणी केलं? मी कौतुकानं सांगितलं. सामान कुणाचं? त्यांचंच. मी मागितलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. मेहुण्यानं तिळगूळ खाली ठेवला. "भाऊजी, तुम्ही भोळे आहात. दुसऱ्याच्या घराला कुणी पदरमोड करून खिळा ठोकतं का? हा माणूस कब्जा करून राहिलाय. सावकाश, एकेक खिडकी करून." त्यानं मग असे तीन-चार किस्से सांगितले की त्यांत भाडेकरूंनी आधी छप्पर दुरुस्त केलं आणि नंतर मालकालाच रस्त्यावर आणलं.

एकदा संशय शिरला की मग काय, प्रत्येक गोष्टीत पुरावा दिसायला लागतो. ते बिजागरीला तेल घालताना दिसले की मला वाटायचं, भाड्याच्या घराच्या बिजागरीला कोण तेल घालतं? त्यांनी जिन्यात तुळशीची कुंडी ठेवली होती. तुळस म्हणजे मुळं रोवणं आलंच. बोलताना ते 'आपलं घर' म्हणायचे. सहा वर्षं मला त्यात आपुलकी ऐकू आली होती, आता मला त्यात कोर्ट ऐकू यायला लागलं. पण सरळ 'जागा सोडा' म्हणायची माझी छाती नव्हती. तेव्हा मी घरमालकांचं ते जुनं ठेवणीतलं खोटं बाहेर काढलं. वर जाऊन, त्यांच्याच घरचा चहा घेत, सांगितलं की मुलगा पुण्याहून कायमचा येतोय. सूनही येतेय, चार महिन्यांचं बाळ आहे, जागा लागणार. मुलगा खरा होता, बाळही खरं होतं, पुण्याला होतं. येणार मात्र कुणीच नव्हतं. आम्ही नातवाला तोवर एकदाच पाहिलं होतं, बारशाला. एरवी तो आम्हाला फोनवरच दिसायचा.

वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पदरानं उगाच कप पुसला. मला वाटलं, आता वाद होणार. पण त्यांनी विचारलं, "बाळाची खाट कुठल्या खिडकीखाली येणार?" मी गडबडून पूर्वेकडच्या खोलीकडे बोट केलं. ते म्हणाले, ठीक आहे, एक महिना द्या, तेवढा पुरेल. खाली उतरताना मी मनात म्हटलं, पुरेल कशाला? वकील करायला? मेहुण्याला मी त्याच संध्याकाळी फोन लावला. त्यानंही "बघा, मुदत मागितली" म्हणून शिक्कामोर्तब केलं.

महिना त्यांना खिडक्यांसाठी हवा होता. त्यांचं म्हणणं, या खिडक्या त्यांनी मोठ्या माणसांच्या हिशेबानं बुजवल्या होत्या. बाळ खाली झोपतं, मग रांगतं, खालचा वारा वेगळा. त्यांनी पूर्वेकडच्या खोलीतल्या चौकटी खालून पुन्हा उकलल्या, नव्यानं भुसा भरला, खालच्या कडा काचकागदानं घासघासून अशा गुळगुळीत केल्या की बाळाच्या हाताला कूस लागू नये. आणि मग तपासायला, एकोणसत्तर वर्षांचा तो गृहस्थ, ओल्या गालानं, फरशीवर आडवा झाला. मी खालून आवाज ऐकून वर गेलो तर हे दृश्य. मला बघून म्हणाले, भाऊसाहेब, आजोबा तुम्ही आहात, तुम्हीही झोपून बघा. काय करणार? मी त्यांच्या शेजारी फरशीवर आडवा झालो. दोन म्हातारे, छताकडे बघत, जे बाळ येणार नव्हतं त्याला वारा लागतो का ते बघत पडलो होतो.

तिथे, तशा आडव्या अवस्थेत, त्यांनी मला ते सांगितलं. वहिनींचा चेहरा डाव्या बाजूनं थोडा ओढलेला होता, हसल्या की ओठ एकीकडेच जायचा. आम्ही त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. पूर्वी ते कारखान्याजवळ भाड्यानं राहायचे, तिथल्या खिडकीचं तावदान फुटलं होतं. मालक उद्या बसवतो, परवा बसवतो म्हणायचा. वहिनी म्हणाल्या, आपणच पुठ्ठा लावू. "मी म्हणालो, परक्याच्या घराला कशाला हात लावा? त्याचं घर, तो बघेल. आठ दिवसांनी सकाळी ही उठली तर तोंड वाकडं. डॉक्टर म्हणतात वाऱ्यानं होत नाही, नस सुजते. म्हणू देत. पुठ्ठा मी लावला नव्हता ना." एवढं बोलून ते उठून बसले आणि म्हणाले, कोपऱ्यात अजून थोडा 'पाहुणा' आहे. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी उठलो, धोतराला लागलेली धूळ झटकली, आणि चांगलं झालंय म्हणालो.

महिना संपायच्या दोन दिवस आधीच त्यांनी जागा सोडली. वहिनींची बहीण धारला असते, तिच्या ओळखीनं तिथे दोन खोल्या मिळाल्या होत्या. सामान टेम्पोत चढलं तेव्हा एकही पट्टी, एकही खिळा त्यांनी काढून नेला नव्हता. तुळस तेवढी नेली. मेहुण्यानं मग अकरा महिन्यांचा पक्का कागद करून एका कारखान्यातलं अधिकारी जोडपं आणून ठेवलं. त्यांनी आल्या आठवड्यात पूर्वेकडच्या खिडकीची चौकट करवतीनं कापून तिथे कूलर बसवला. मी खाली बसून करवतीचा आवाज ऐकत राहिलो.

पुढच्या डिसेंबरात आमचे जुने वरचे कारखान्यात पेन्शनच्या कागदासाठी आले होते, ते सरळ आमच्याकडे आले. मी ओसरीत ऊन खात बसलेलो. त्यांच्या हातात वहिनींनी विणलेला छोटा स्वेटर. बाळाला बघून जातो, म्हणाले. मी बसा म्हणेपर्यंत वरून आवाज आला, "अंकल, मोटर चालू कर दो ना, पानी नहीं आ रहा।" त्यांनी वर पाहिलं. गॅलरीत परक्या बाईचे कपडे वाळत होते, आणि कापलेल्या चौकटीतून कूलरचं ढुंगण बाहेर आलेलं होतं. किती वेळ ते बघत होते मला सांगता येणार नाही. मग तेच म्हणाले, "मुलगा कामावर गेला असेल." मी हो म्हणालो. "सूनबाई माहेरी." हो. "बाळाला घेऊन." हो. मला पळून जायला त्यांनी एकेक दार उघडून दिलं, आणि मी प्रत्येक दारातून पळालो. माहेरी थंडी कमी असेल, बरं झालं, असं म्हणून त्यांनी स्वेटर माझ्या हातात दिला आणि चहा न घेता गेले. आमची ही आतून कप घेऊन आली तर मी एकटाच स्वेटर धरून उभा. त्यानंतर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

पाचव्या दिवशी मी धारची बस पकडली. देवास ते इंदूर आणि इंदूर ते धार मी वाक्यं जुळवत गेलो. खोटं बोललो, भीती वाटली, माफ करा, एवढी तीनच, पण ती पुन्हा पुन्हा बदलत राहिलो. घर किल्ल्याच्या बाजूला, गल्लीत आत, जुनंच. दार वहिनींनी उघडलं. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की माझी पहिली दोन वाक्यं तिथेच गेली. पाणी देता देता म्हणाल्या, "यांनी सांगितलं सगळं. बाळ मांडीवर बसलं म्हणे यांच्या, चष्माच ओढला. स्वेटर बसला का हो? मी अंदाजानं घेतलं माप." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाठमोरे, खिडकीशी गाल लावून उभे होते. वळले नाहीत.

"बसला," मी म्हणालो.

"चालायला लागला असेल आता?"

"धरून धरून चालतो, वहिनी. खिडकीची चौकट धरून."

तेव्हा ते वळले. बायकोला म्हणाले, बघ, मी सांगत नव्हतो, कडा घासून घेतल्या होत्या म्हणून. आणि मग आम्ही तिघांनी पोहे खाल्ले. वहिनींनी मला आग्रह करून पुन्हा वाढले. मी पुण्याच्या नातवाच्या देवासातल्या खोड्या सांगत होतो, ते त्यांत भर घालत होते आणि वहिनी हसत होत्या. इतकं लाजिरवाणं जेवण मी आयुष्यात जेवलो नाही.

ते मला बसस्टँडपर्यंत पोचवायला आले. तिथे मी एकदाचा तोंड उघडायला गेलो. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"मला माहीत आहे भाऊसाहेब. पण हिला सांगू नका. सात घरं फिरली ती माझ्याबरोबर. सात मालकांत एक चांगला निघाला, असं बहिणीला, शेजारणींना सगळ्यांना सांगत असते. तेवढं तिचं राहू द्या."

बस लागली. मी चढलो, तर त्यांनी खालून माझी खिडकी ओढून पाहिली, ती बंद होईना, तेव्हा पिशवीतून पाचर काढून बसवून दिली. कूलर मी काढायला लावला आहे, नवी चौकट सुताराकडे टाकली आहे, पण आता त्यांना परत या म्हणायला मला तोंड नाही. बोलावलं तर वहिनींना सगळंच कळेल. वहिनींचा दर महिन्याला फोन येतो, बाळाची चौकशी होते, आणि मी सांगतो. धारच्या त्या दोन खोल्यांत मी अजून चांगला मालक आहे.